पिंपातलं पाणी आणि घरातली ऊब

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं कोरालेस हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर, कोरड्या मुलखात आहे. हिवाळ्यात तिथे रात्री पाणी गोठतं आणि दिवसा लख्ख ऊन पडतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीव्ह बेअर या अमेरिकन संशोधकानं तिथे उन्हाच्या उबेवर चालणारं स्वतःचं घर बांधलं. दक्षिणेकडे काच लावली आणि काचेमागे पाण्यानं भरलेली लोखंडी पिंपं आडवी, एकावर एक रचली. उन्हाकडची बुडं काळी रंगवली.

पाणीच का? एक लिटर पाणी एक अंशानं तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच जागेतलं काँक्रीट साधारण निम्मीच उष्णता धरतं. शिवाय जाड भिंतीतून ऊब आत झिरपायला तास जातात, तर पिंपातलं तापलेलं पाणी आपणहून वर सरकतं, गार पाणी खाली येतं आणि सगळं पिंप कामाला लागतं. २०० लिटरचं एक पिंप दहा अंश तापलं, तर त्यात विजेच्या सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त उष्णता साठते. अशी वीस पिंपं धरा, हिशेब शेहेचाळीस युनिटांवर जातो. यात पंप नाही, पंखा नाही.

पण बेअर यांची खरी करामत मला पिंपांपेक्षा झडपेत दिसते. काचेबाहेर खालच्या बाजूला बिजागरीवर बसवलेली, उष्णतारोधक आणि चकचकीत ॲल्युमिनियमची मोठी झडप. सकाळी ती जमिनीवर उतरवायची, म्हणजे तिच्यावर पडलेलं ऊनही उसळून काचेवर जातं. संध्याकाळी हातानं दांडा फिरवून ती वर ओढायची. उन्हाळ्यात क्रम उलटा: दिवसा बंद, रात्री उघडी, म्हणजे पिंपं रात्री गार होतात आणि दिवसा घराला गारवा देतात. हिवाळ्यात झडप लावायला विसरलात, तर दिवसभर कमावलेली ऊब काच रात्रीतून आकाशाला देऊन टाकते. अशा घरात राहणाऱ्यानं रोज घराकडे लक्ष द्यावं लागतं आणि मला ते ओझं वाटत नाही.

आपल्याकडे हे चालेल का? आपल्याला बहुतेक ठिकाणी ऊब नाही, गारवा हवा असतो. पाणी गारवा तयार करत नाही, रात्रीचा गारवा दिवसासाठी राखून ठेवतं. त्यामुळे कोकणात, जिथे दमट रात्र दिवसापेक्षा फारशी उतरत नाही, तिथे या खटाटोपात पडू नका. विदर्भात मार्चमध्ये दिवस तापतात, पण रात्री अजून गार असतात. तिथे उपयोग आहे. मेच्या अखेरीस रात्रीही पारा तिशीच्या आसपास राहिला, की पिंपं हतबल होतात. लेह-लडाखात मात्र ही कल्पना अगदी जागेवर बसते. लख्ख ऊन, कडाक्याची रात्र, बेअर यांच्या गावासारखीच कोरडी हवा.

करणाऱ्यांनी एवढं पाहावं: भरलेलं पिंप दोनशे किलोंच्या वर जातं, तेव्हा ते जमिनीवरच्या पक्क्या तळावर ठेवा, गच्चीवर किंवा माळ्यावर नको. काठोकाठ भरू नका, तापल्यावर पाणी फुगतं. लोखंडी पिंपात गंजरोधक घाला, झाकण घट्ट बसवा आणि पिंपाच्या बुडाशी हात पोचेल एवढी फट ठेवा, म्हणजे गळती लगेच कळेल.