घेवड्याचा वेल आणि त्याची काठी

श्रोतेहो, नमस्कार. परसबागेत वेलघेवडा लावणार असाल, तर आधी काठी रोवा आणि मग बी पेरा. काठी आधी, बी नंतर. कारण रोप उगवल्यावर काठी ठोकली, तर वरच्या थरात पसरलेली त्याची मुळे दुखावतात.

काकडीला तणावे असतात, घेवड्याला नसतात. त्याचे खोडच आधाराला वेढे घालत वर चढते. हे वेढे कसे पडतात हे चार्ल्स डार्विन यांनी ज्या चिकाटीने शोधले, ती हकिगत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आजारपणामुळे खोलीबाहेर पडता येत नसताना त्यांनी हॉप नावाच्या वेलाची कुंडी खोलीतच ठेवून घेतली आणि रात्रंदिवस त्याच्या शेंड्यावर नजर ठेवली. शेंडा हवेत गोल फिरत होता, आणि उबदार हवेत त्याची एक फेरी सुमारे दोन तासांत पुरी होत होती. त्यांनी पुढे घेवड्यासह कितीतरी वेल असेच पाहिले आणि 1865 मध्ये आपली निरीक्षणे लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडली. फिरता शेंडा काठीला लागला की टेकलेला भाग थांबतो, त्यापुढचा मोकळा भाग मात्र फिरतच राहतो, आणि त्यातूनच वेढा पडतो. विज्ञान शिकवताना आपण निष्कर्ष तेवढा सांगतो आणि पाहण्यात गेलेले तास गाळतो, हे मला फार खटकते. मुलांना एक वेल आणि एक मोकळी दुपार द्यावी.

हॉप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, घेवडा मात्र वरून पाहिल्यास त्याच्या उलट. म्हणून भरकटलेला वेल काठीवर चढवताना उलट दिशेनेच गुंडाळावा; काट्यांच्या दिशेने गुंडाळलेला वेल सुटून येतो. काठी बारीक, खरबरीत आणि दोन मीटरांहून उंच असावी; जाड खांबाला त्याला वेढा घालता येत नाही.

बी दोन-तीन सेंटिमीटर खोल, ऊब आलेल्या मातीत पेरावे. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात, त्यामुळे नत्रखत भरपूर घातल्यास पानेच माजतात. फार उष्म्यात फुले गळतात, तेव्हा ओल टिकवावी. शेंगा कोवळ्या असतानाच, दर दोन-तीन दिवसांनी तोडाव्यात; शेंगेत बी पिकू लागले की वेल फुलणे आवरते घेतो, म्हणून बियाण्याच्या शेंगा हंगामाच्या अखेरीसच वेलावर राखाव्यात.