फोटोला ठिकाण जोडताना आधी कॅमेऱ्याचे घड्याळ पाहा

नमस्कार. ज्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही, त्याने काढलेल्या फोटोंना ठिकाण कसे जोडायचे, हा प्रश्न ट्रेकच्या प्रत्येक व्हिडिओखाली येतो, म्हणून आज केवळ त्याविषयीच बोलणार आहे.

मूळ कृती सोपी आहे. जीपीएस लॉगर किंवा मोबाइलमधले वाटेची नोंद ठेवणारे ॲप निघतानाच सुरू करावे, ते सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावे, आणि घरी आल्यावर त्याची जीपीएक्स फाइल (म्हणजे वेळेसह वाटेची नोंद) व फोटो लाइटरूम, डिजिकॅम किंवा एक्झिफटूल यांपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरला द्यावेत. चालताना दर पाच-दहा सेकंदांनी एक नोंद पुरेशी होते, कारण दोन नोंदींमधली जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढते.

अडचण घड्याळात आहे. सॉफ्टवेअर फोटोतला कडा किंवा देऊळ ओळखत नाही. ते फक्त फोटोची वेळ पाहते आणि त्या वेळी तुम्ही वाटेवर कुठे होता ते फाइलमध्ये शोधते. जीपीएक्समधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे, आणि कॅमेऱ्यातली वेळ तुम्ही कधीतरी हाताने लावलेली असते. ही वेळ कोणत्या देशाची, हे फोटोत नोंदवण्याची सोय एक्झिफ मानकात (फोटोच्या फाइलमध्ये वेळ, ठिकाण वगैरे माहिती साठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) २०१६ साली आली. त्याआधीच्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत नुसते तास-मिनिटे-सेकंद असतात आणि ती वेळ कोणत्या देशाची, हे सॉफ्टवेअर स्वतःच गृहीत धरते.

माझा एक मित्र एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेला, तेव्हा त्याने मोठ्या शिस्तीने कॅमेरा नेपाळच्या वेळेवर लावला, जी आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. पुण्यात परतल्यावर संगणकाने ती वेळ भारतीय मानली, आणि वाटेतल्या नामचे गावाखालच्या झुलत्या पुलावर काढलेले फोटो नकाशावर पुलाच्या पुढच्या चढणीवर जाऊन बसले. म्हणून माझा आग्रह असा की प्रवासात कॅमेऱ्याच्या घड्याळाला हात लावू नये. ते कायम भारतीय वेळेवर राहू द्यावे.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. काही ठिकाणी सॉफ्टवेअर यूटीसी आणि आपल्या वेळेतला फरक तासांच्या दशांशात विचारते, आणि आपण सवयीने ५.३० लिहितो. दशांशात ५.३० म्हणजे ५ तास १८ मिनिटे. लिहायला हवे ५.५. उरलेल्या १२ मिनिटांत ताशी चार किलोमीटर वेगाने चालणारा माणूस ८०० मीटर पुढे गेलेला असतो. ‘सॉफ्टवेअर बेकार आहे’ अशी तक्रार करण्याआधी हा आकडा एकदा तपासावा, ही नम्र विनंती.

‘मिनिटभराने काय बिघडते?’ असे एका प्रेक्षकाने विचारले आहे. कोकणकड्यावर बसून सूर्यास्ताचे फोटो काढत असाल, तर काहीही बिघडत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतून काढत असाल, तर ठिकाण एक किलोमीटरने सरकते. कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू पुढे-मागे होतच असते, त्यामुळे यावर उपाय एकच: निघताना आणि परतताना जीपीएसच्या पडद्यावरची सेकंदांसह दिसणारी वेळ कॅमेऱ्यानेच टिपून ठेवावी. पडद्यावरची वेळ आणि त्या फोटोत नोंदली गेलेली वेळ यांतला फरक सॉफ्टवेअरला दिला की सगळे फोटो एकदम जागेवर येतात.

‘मोबाइलनेच फोटो काढा की’ असे सुचवणाऱ्यांना पाणथळीवर दूरच्या पक्ष्यांचे फोटो मोबाइलने काढून पाहण्याचे निमंत्रण आहे. सांधण दरीसारख्या अरुंद घळीत मात्र घड्याळ अचूक असूनही ठिकाण भरकटते, कारण उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतात. तिथले बिंदू नकाशावर हातानेच सरकवावे लागतात.

शेवटी, घरट्यांचे फोटो कुठेही टाकण्याआधी त्यांतले ठिकाण काढून टाकावे, आणि घरातल्या फोटोंचेही. मूळ फोटो आणि जीपीएक्स फाइल मात्र एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवावी, म्हणजे वेळेचा फरक चुकला असल्याचे पुढे लक्षात आले तरी जोडणी नव्याने करता येते.