तारीख विचारण्याआधी

स्मरणशक्तीची तपासणी बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. रुग्ण आला की पहिला प्रश्न, "आजोबा, आज तारीख काय?" आजोबा गप्प. केसपेपरवर लिहून मोकळे: विस्मरण. पण प्रश्न त्यांना ऐकू आला का? कानाचं मशीन घरी राहिलंय का? ते पुरते जागे आहेत का? एवढं बघितल्याशिवाय पुढचं काहीच धरता येत नाही.

आधी जागेपणा. डोळे आपणहून उघडतात, हाकेला उघडतात, की दुखवल्यावर? जागेपणा मोजणाऱ्या, 1974 पासून चालत आलेल्या ग्लासगो स्कोअरमध्ये डोळ्यांचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6 गुण. किमान 3, शून्य नव्हे. नुसती बेरीज लिहू नका, तिन्ही आकडे वेगळे लिहा. '9' वरून काय बिघडलंय ते दुसऱ्या डॉक्टरला कळत नाही. गुंगी दिसली की रिफ्लेक्सच्या हातोडीआधी ग्लुकोमीटरने रक्तातली साखर. आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघा. द्राक्षबागेत फवारणी करून आलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, लाळ आणि घाम सुटला असेल, तर ती विषबाधाच समजून हालचाल करा.

मग लक्ष. सेकंदाला एक या वेगाने, एका सुरात आकडे म्हणा: 5, 8, 2, 9, 4. मोबाइल नंबरसारख्या जोड्या पाडल्या तर परीक्षा सोपी होऊन जाते. पाच आकडे जसेच्या तसे परत आले तर ठीक. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं तर लक्षाबरोबर शाळाही तपासली जाते. न शिकलेल्या आजींना वार उलटे विचारा: शनिवार, शुक्रवार, गुरुवार... मध्येच गाडी सुलट फिरली की समजा, लक्ष टिकत नाहीये. बदल दोन-चार दिवसांतला, सकाळी बरं आणि रात्री बिघडलेलं, असं असेल तर आधी डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. अल्झायमरसारखा डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. डिलिरियमवाला आरडाओरडाच करतो असं नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर निपचित पडलेला, कुणाला त्रास न देणारा रुग्ण जास्त निसटतो. तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, घसरलेलं सोडियम, नवी सुरू झालेली गोळी, हे शोधा.

आता तारीख. इंग्रजी तारीख न सांगणाऱ्या आजी एकादशी कधी झाली ते बिनचूक सांगतात. वार हवा असेल तर विचारा, गंगेवरचा (नाशिकच्या गोदाकाठचा) बुधवारचा बाजार झाला की व्हायचाय? शेजारी बसलेल्या मुलाला आधीच बजावा, उत्तर द्यायचं नाही, ओठही हलवायचे नाहीत.

भाषेत फसगत जास्त होते. घड्याळ दाखवलं तर 'घड्याळ' बरेच जण म्हणतात. काटा, पट्टा, बक्कल विचारा. मग हात न हलवता सांगा, "उजव्या हाताने डावा कान धरा." तुमचा हात पुढे गेला तर तो नक्कल करील, आणि समजलं की नाही ते कळणारच नाही. भराभर, सुरात, पण अर्थ नसलेलं बोलणाऱ्याला अचानक वेड लागलं म्हणून बाहेरचं बघायला नेतात. हातपाय धड असले तरी तो डाव्या मेंदूतला पक्षाघात असू शकतो, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत त्या धावपळीतच संपते.

मनाच्या तपासणीतल्या दोनच गोष्टी सांगतो. 'अंगात येतं' हे घराण्यात, गावात सगळे मानत असतील तर तेवढ्यावरून डिल्यूजन (आजारातला भ्रम) लिहू नका. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मात्र सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

तळव्याचा रिफ्लेक्स घाईत बिघडतो. चावीचं बोथट टोक टाचेपासून बाहेरच्या कडेने करंगळीखालपर्यंत न्या, मग अंगठ्याच्या दिशेने वळवा. अंगठ्याची पहिली हालचाल धरा, वर की खाली. अख्खा पाय झटकला तर ती गुदगुली. हळू, पुन्हा करा. अनवाणी राबलेल्या जाड तळव्यावर काहीच उमटलं नाही तर बाहेरच्या घोट्याखालून करंगळीकडे पावलाच्या कडेने ओढून बघा. तरीही अंगठा हलला नाही तर 'प्रतिसाद नाही' असंच लिहा, 'नॉर्मल' नको.