मोठा फिल्टर घेण्याआधी नळी लावा

मंडळी, इथे गाडीमालक आहेत, चालक आहेत, मिस्त्री आहेत, म्हणून थेट कामाचंच बोलतो. ‘गाडी लोडमध्ये ओढत नाही, हवेचं काहीतरी मोठं बसवून टाकू’ हे नाशिकच्या द्वारका ते आडगाव नाक्याच्या पट्ट्यात रोज कानावर येतं. विचार चुकीचा नाही. डिझेल इंजिन किती ताकद देऊ शकेल याची हद्द हवाच ठरवते. प्रश्न एवढाच, की पैसा टाकायचा कुठे.

आधी हवा किती लागते ते बघू. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये दोघांना मिसळायला क्षणभरच मिळतो, म्हणून काळा धूर नको असेल तर फुल लोडला वीस किलोच्या आसपास धरा. लिटरमागे सोळा-सतरा किलो झाली. आता नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सहाएक टक्के विरळ. उन्हाळ्यात एक घनमीटर हवा जेमतेम किलोभर भरते. म्हणजे एक लिटर डिझेल जाळायला पंधरा-सोळा हजार लिटर हवा हवी. लिटरला चार किलोमीटरचा एव्हरेज देणारी भरलेली गाडी १०० किलोमीटरमध्ये चार लाख लिटर हवा ओढते, आणि ती सगळी फिल्टरच्या त्या एका कागदातून जाते. चांदवड-मालेगावची धूळ, खडी क्रशरचा फुफाटा, सगळं तिथेच अडायला हवं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: काहीही विकत घेण्याआधी अडथळा मोजा. खर्च पारदर्शक नळीचा. मीटरभर उंचीच्या फळीवर ती नळी यू आकारात बसवा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक तोंड उघडं ठेवा, दुसरं फिल्टरनंतर आणि टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या) आधी, पाइपाला छिद्र पाडून पक्क्या बसवलेल्या निपलला, म्हणजे छोट्या तोटीला, जोडा. आता भरलेली गाडी घेऊन कसाऱ्याचा घाट चढा. उभ्या गाडीला रेस देऊन काही कळत नाही, कारण लोड नसेल तर टर्बो दाबच करत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि आरपीएम वर असताना शेजारी बसलेल्या माणसाने दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायचा. वाचायचं काम चालकाचं नाही, त्याचं लक्ष रस्त्यावरच हवं. बहुतेक टर्बो इंजिनांना ६३५ मिलिमीटर, म्हणजे २५ इंच, ही शेवटची हद्द असते. नव्या फिल्टरला २५० ते ३८० येणं ठीक.

या एका आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. जुन्या फिल्टरला ६०० आणि नव्याला ३०० आला, तर तुमचा फिल्टर फक्त भरला होता. तो बदला, काम झालं. कोरा फिल्टर टाकूनही ५०० येतो? मग फिल्टरचा डबा किंवा हवेचा पाइप इंजिनाला अपुरा आहे, आणि मोठ्यावर केलेला खर्च वसूल होईल. अशा वेळी कागदाचं क्षेत्र जास्त असलेला मोठा डबा घ्या, आणि पाइपाकडेही बघा. चार इंची पाइपाच्या जागी पाच इंची टाकला तर तेवढ्याच हवेला त्यातला अडथळा जवळपास एक-तृतीयांशावर येतो. काटकोनात कापून वेल्डिंग मारलेल्या वळणाऐवजी गोल बेंड वापरा.

हवा कुठून घेता हेही तितकंच महत्त्वाचं आहे. केबिनच्या मागे उंच तोंड असतं ते बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून. हवा दहा अंशांनी तापली की तेवढ्याच जागेत सुमारे तीन टक्के कमी मावते. बोनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला, की आवाज भारी येतो आणि इंजिन स्वतःचीच गरम हवा पितं. त्यातले तेल लावलेले कापडी फिल्टर आपल्या रस्त्यांवर बारीक धूळ कागदापेक्षा जास्त सोडतात. मला ते ट्रकवर अजिबात पटत नाहीत. धुळीतली वाळू रिंगा आणि बोअर घासते, मग गाडी ऑइल खायला लागते, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो. ज्याची एकच गाडी आहे आणि हप्ते चालू आहेत, त्या माणसाला इंजिनकाम परवडत नाही. मी हे इतकं आग्रहाने बोलतो ते त्याच्यासाठी.

फिल्टरच्या डब्याखाली एक छोटी रबरी चोच असते. आत फिरणाऱ्या हवेतली जाड धूळ तिथे साचते आणि चोच उघडली की खाली पडते. कित्येक गाड्यांत ती फाटलेली असते, नाहीतर चिखलाने चिकटलेली. मग सगळी धूळ कागदावरच जाते. सकाळी गाडी काढताना चोच बोटांनी एकदा दाबायची, एवढंच काम आहे. पावसाळ्यात इगतपुरीच्या धुक्या-पावसात भिजलेला कागद फुगतो आणि अडथळा एकदम वाढतो, तेव्हा वरच्या टोपीची अवस्थाही बघा. आणि फिल्टर टायरवर आपटून झटकू नका. घडी चिरली की कागद चांगला दिसतो, पण धूळ अडवत नाही.

आता टर्बोनंतरचा भाग. एक बार बूस्टला, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाला, टर्बोतून निघालेली हवा १२० अंशांच्या वर जाते. इंटरकूलरने, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या जाळीने, ती ५५ वर आणली, की तेवढ्याच दाबात साधारण वीस टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये जाते. बाहेरून जाळीत कांद्याची सालं आणि चिखल भरला असेल तर हा फायदा जातो. होजच्या क्लिपा बघा. गळती टर्बोच्या आधी असेल तर धूळ आत जाते, टर्बोच्या नंतर असेल तर हवा बाहेर जाते. तेव्हा टर्बोची शिट्टी बदलते, काळा धूर येतो आणि गाडी दम टाकते. पाइपाची दोन्ही टोकं बंद करून आत हवेचा हलका दाब द्या, सांध्यांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे दिसतील. कमकुवत होजच्या जागी चांगले सिलिकॉनचे होज आणि रुंद पट्टीच्या क्लिपा, ही खरोखर उपयोगी सुधारणा आहे.

हवा वाढली म्हणून ताकद आपोआप वाढत नाही, हे मालकांनी ऐकून ठेवावं. डिझेल तेवढंच असेल तर धूर कमी होतो, एग्झॉस्ट थंड राहतो, एव्हरेज थोडा सुधारतो. जुन्या डिझेल पंपावर डिझेल वाढवता येतं, पण तपासलेल्या कॅलिब्रेशन बेंचवर (पंपाचं डिझेल मोजून लावायच्या यंत्रावर), आणि एग्झॉस्टच्या तापमानावर लक्ष ठेवूनच. अंदाजाने स्क्रू फिरवला की पिस्टन जातात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत तर डिझेल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तिथे नवा पाइप लावून सेन्सरची गणितं बिघडवू नका. कंपनीचाच फिल्टर, कंपनीचीच मापं. इंजिन किंवा धुराच्या यंत्रणेत कंपनीच्या मूळ मापांहून वेगळा बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, म्हणून आधी आरटीओत चौकशी करा.