गोदीसमोरचं घर

[दृश्य : पोर्ट्समथ बंदर, पहाट. धुक्यात एक युद्धनौका धक्का सोडतेय.]

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे पोर्ट्समथ. कित्येक शतकं इथून आरमार निघत आलंय. धक्क्यावर उभ्या राहून रुमाल हलवणाऱ्या बायकांची चित्रं आपण पाहिलेली असतात. चित्र तिथंच थांबतं. जहाज दिसेनासं झालं की बाई घरी जाते, चूल पेटवते, आणि पुढची दोन-तीन वर्षं एकटीनं काढते. ही गोष्ट त्या वर्षांची.

आधी पायदळाचा हिशेब बघू. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेतल्या साध्या शिपायाला लग्न करायचं तर साहेबाची परवानगी लागे. परवानगी मिळालेल्या बायकांची नावं पलटणीच्या पटावर चढत, शंभर जवानांमागे साधारण सहा. बाकीच्या पटाबाहेर. त्यांना ना बराकीत जागा, ना शिधा. पलटण परदेशी निघाली की पटावरच्या बायकांतही निवड व्हायची, तीही चिठ्ठ्या टाकून. काही चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असे ‘जायचं’, काहींवर ‘जायचं नाही’.

‘जायचं’वाल्यांपैकी कित्येकजणी मुंबईला उतरल्या. देवळाली, खडकी, पुण्याच्या छावण्यांत त्यांनी संसार मांडले. कुलाब्याचं अफगाण चर्च तुम्ही पाहिलं असेल. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं आणि 1858 साली प्रार्थनेसाठी खुलं झालं. तिथल्या बाकांवर या बायका निदान नवऱ्याशेजारी बसू शकत होत्या.

खलाशाच्या बायकोच्या नशिबी ती चिठ्ठीसुद्धा नव्हती. तिनं मागंच राहायचं. नवऱ्यानं पगारातला वाटा घरी लावून दिला तर दिला. आरमारानं स्वतःहून तिला विरह-भत्ता द्यायला 1914 साल उजाडावं लागलं, तेही महायुद्ध सुरू झालं म्हणून. तोवर आरमाराच्या वहीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

[दृश्य : अरुंद गल्ली, विटांची घरं, संध्याकाळ.]

शहराच्या वहीत मात्र तिच्यासाठी एक रकाना होता, आणि तो वाईट होता. 1864 साली ब्रिटनमध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. जवानांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून तपासणी कुणाची, तर बायकांची. पोर्ट्समथ, प्लिमथ अशा लष्करी गावांत पोलिसाला संशय आला तरी पुरे. बाईला सक्तीच्या वैद्यकीय तपासणीला उभं करता येई. हा कायदा रद्द झाला 1886 साली. नवरा दर्यावर असलेल्या बाईनं अंधार पडल्यावर रस्त्यानं एकटीनं जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. अशा गावात कुणीतरी चारचौघांदेखत दार उघडून ‘आत या, बसा’ म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती.

ते दार उघडणारी बाई स्वतः बिनलग्नाची होती.

[दृश्य : ॲग्नेस वेस्टन यांचं छायाचित्र.]

ॲग्नेस वेस्टन. जन्म लंडनचा, 1840 सालचा. वाढल्या इंग्लंडमधल्याच बाथ शहरात, बॅरिस्टरच्या घरात. तिथल्या जवानांमध्ये त्यांनी काम सुरू केलं, कॉफी आणि बायबल घेऊन. 1868 साली त्यातल्या एका जवानाला त्यांनी पत्र लिहिलं. तो हिंदुस्थानच्या वाटेवर होता, ‘क्रोकोडाइल’ नावाच्या फौजी जहाजावर. त्यानं ते पत्र जहाजावरच्या एका खलाशाला दाखवलं. खलाशाला वाटलं, आपल्यालाही कुणीतरी असं लिहावं. बाईंनी त्यालाही लिहिलं. मग त्याच्या सोबत्यांना. होता होता पत्रं इतकी झाली की हातानं लिहून उरकेनात. दर महिन्याला एक छापील पत्र जहाजाजहाजावर जाऊ लागलं.

पुढं त्या प्लिमथच्या आरमारी बंदरात, डेव्हनपोर्टला आल्या. तिथं त्यांना सोफिया विंट्झ भेटल्या, आणि विंट्झबाईंच्या घरच्या स्वयंपाकघरात खलाशांसाठी रविवारची बैठक सुरू झाली. सुरुवातीला कुणी फिरकेना. मग एकदोघं आले, मग स्वयंपाकघर अपुरं पडलं. खलाशांनीच सुचवलं, गोदीच्या दाराशी घर हवं, गुत्त्यासारखं ऊबदार, फक्त दारू नको. 1876 साली डेव्हनपोर्टच्या गोदीसमोर ‘सेलर्स रेस्ट’, म्हणजे खलाशांचं विसाव्याचं घर, उघडलं आणि 1881 साली पोर्ट्समथला दुसरं. खलाशी त्याला म्हणत ‘ॲगीज’. ॲगीचं घर.

घर खलाशांसाठी होतं, पण वेस्टनबाईंना लवकरच कळलं की गोष्ट अर्धीच झालीये. मग बायकांच्या बैठकी सुरू झाल्या. त्या काळच्या अशा बैठकींचा साचा ठरलेला असे : चहा, हातात शिवणकाम, कुणीतरी बायबल वाचतंय, शेवटी भजन आणि प्रार्थना. त्या वाचनापेक्षा शिवणाची वेळ मोलाची असावी, असं मला वाटतं. मान खाली, हात चालू, आणि ‘तुझं पत्र आलं का गं?’ एवढंच. घराघरातून फौजेत माणूस पाठवणाऱ्या, साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यातल्या सासुरवाशिणीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. या दाराला उंबरठा होता. वेस्टनबाई दारूबंदीच्या कडव्या पुरस्कर्त्या, खलाशांकडून शपथा लिहून घेणाऱ्या. बाईनं नीटनेटकं, सभ्य असावं, ही अपेक्षा बोलून दाखवायची गरजच नव्हती. पिणारी, भांडणारी, चर्चची पायरी न चढणारी बाई तिथं किती रुळली असेल? पण संशयाच्या त्या गावात ‘ॲगीजकडे जाते’ हे शब्दच ढालीसारखे होते. ढालीची किंमत बायका जाणून होत्या आणि मोजत होत्या.

[दृश्य : पोर्ट्समथचं व्हिक्टोरिया पार्क. स्मारक. आवाज बंद, फक्त वारा.]

22 जून 1893. भूमध्य समुद्रात, आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीजवळ, आरमाराच्या कवायतीत ‘कॅम्परडाउन’ ही ब्रिटिश युद्धनौका आपल्याच ‘व्हिक्टोरिया’ या युद्धनौकेवर आदळली. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता. ॲडमिरलचा हुकूमच चुकला होता. 358 माणसं बुडाली, तो ॲडमिरलही. हे स्मारक त्यातून बचावलेल्यांनी उभारलं.

बातमी तारेनं आली. बायकांना हवी होती वाचलेल्यांची नावं. पोर्ट्समथच्या विधवांपर्यंत तातडीची मदत पोचवण्यात वेस्टनबाई पुढं होत्या. तेव्हा कुणी शपथेचं विचारलं नसेल, असं मी धरून चालतो.

31 मे 1916. पहिल्या महायुद्धात, जर्मन आरमाराशी झालेल्या जटलंडच्या लढाईत ब्रिटिश आरमाराची सहा हजारांहून अधिक माणसं एका दिवसात गेली. एकट्या ‘क्वीन मेरी’वरची बाराशेच्या वर. जहाजांची माणसं ठरावीक बंदरांतून भरली जात, त्यामुळं जहाज बुडालं की पोर्ट्समथमध्ये, डेव्हनपोर्टमध्ये आख्खी गल्लीच विधवा होई. शेजारीण शेजारणीचं सांत्वन करायला जाई, तर तिच्याही हातात तार.

वेस्टनबाई 1918 च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या, युद्धबंदीच्या जेमतेम तीन आठवडे आधी. त्यांना आरमाराच्या पूर्ण इतमामानं निरोप दिला गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बहल्ल्यांत दोन्ही गावांतली घरं गेली.

[दृश्य : आजचं एक घर. रात्र. मुलाच्या खोलीतला दिवा.]

काम मात्र चालू राहिलं. ‘ॲगीज’ नावाची संस्था आजही आहे. नाविक तळांवर तिचे लोक असतात. खलाशांना भेटतात, त्यांच्या घरच्यांना भेटतात, कॉफी अजूनही असते. त्यांचा एक उपक्रम सांगतो. समुद्रावर जाणारे आईबाप मुलांसाठी झोपतानाची गोष्ट रेकॉर्ड करून ठेवतात. मग त्यात मागं आवाज भरले जातात, पावसाचे, प्राण्यांचे, आणि ती घरी पोचते.

आई उशाशी बसते. बटण दाबते. बाबाचा आवाज येतो, मुलाचं नाव घेऊन. मुलगा एकदा ऐकतो, मग म्हणतो, परत.

ती परत लावते.