प्रकाशाच्या साहाय्याने कार्बन उलगडणाऱ्या मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या सर्व मंडळींना माझा नमस्कार.

या वर्षीच्या मेळाव्यात विज्ञानावर एक भाषण असावे असे कार्यकारिणीने ठरवले आणि ते करण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. स्वतःच्या कामाविषयी बोलण्यापेक्षा, ज्यांच्या कामाच्या पायावर माझ्यासारखे प्रयोगशाळेतले शेकडो लोक उभे आहेत, त्या प्रा. मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांच्या कारकिर्दीविषयी बोलावे असे मला वाटले. आपल्यापैकी बरेच जण बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन, बर्लिंग्टन, ॲक्टन या गावांत राहतात. त्यांच्या संशोधनाची सुरुवातीची महत्त्वाची वर्षे याच परिसरातल्या लिंकन प्रयोगशाळेत गेली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे आपल्या शेजारच्या केंब्रिजमधल्या एमआयटीमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत गेली. त्यांना ‘कार्बनची राणी’ म्हणत असत. त्या गौरवात खोटे काही नाही, परंतु त्यात त्यांच्या साधनाचा उल्लेख राहून जातो, आणि ते साधन होते प्रकाश. फारसे कोणी हात लावत नव्हते असा एक पदार्थ त्यांनी निवडला, त्यावर प्रकाश टाकून काय परत येते हे चार दशके चिकाटीने मोजले, आणि म्हणूनच अतिसूक्ष्म पदार्थांचे, म्हणजे नॅनोपदार्थांचे युग उजाडले तेव्हा त्या आधीपासूनच तयार होत्या, एवढेच मला आज सविस्तर सांगायचे आहे.

त्यांचा जन्म १९३० सालचा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू स्थलांतरित. बालपण ब्राँक्समध्ये, अत्यंत गरिबीत गेले. व्हायोलिन शिकण्यासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीमुळे त्यांचा सुस्थितीतल्या मुलांशी संबंध आला, हंटर नावाची मुलींची चांगली शाळा आहे हे त्यांना समजले, आणि त्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी त्यांनी स्वतःच केली. हंटर महाविद्यालयात त्या शिक्षिका होण्याच्या विचाराने गेल्या होत्या. तेथे रोझालिन यॅलो यांनी त्यांना भौतिकशास्त्र शिकवले आणि याच विषयात पुढे जाण्याचा आग्रह धरला. यॅलो यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर इंग्लंडमधल्या केंब्रिजला एक वर्ष, रॅडक्लिफमध्ये पदव्युत्तर पदवी आणि शिकागो विद्यापीठात डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. शिकागोत एन्रिको फर्मी हयात असतानाचे अखेरचे वर्ष त्यांच्या वाट्याला आले. सकाळी विद्यापीठाकडे चालत जाताना फर्मी यांच्याशी होणारे बोलणे आणि त्यांची शिकवण्याची स्वच्छ पद्धत यांचा प्रभाव त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. त्याच विद्यापीठात, स्त्रियांनी विज्ञानात येऊ नये असे मानणारे मार्गदर्शकही त्यांच्या वाट्याला आले, त्यामुळे प्रबंधाचे काम त्यांनी बहुतांशी एकटीनेच केले. विषय होता चुंबकीय क्षेत्रातील अतिसंवाहकता, म्हणजे काही पदार्थांतून अतिशय कमी तापमानाला वीज कोणत्याही रोधाविना वाहण्याचा गुण.

१९५८ मध्ये त्यांचा विवाह जीन ड्रेसेलहाउस या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाशी झाला. पती आणि पत्नी या दोघांना एकाच संस्थेने नोकरी देण्याची पद्धत त्या काळी नव्हती. ज्या मोजक्या ठिकाणी ते शक्य होते त्यांपैकी लिंकन प्रयोगशाळा एक होती, म्हणून १९६० मध्ये दोघेही तेथे रुजू झाले. १९५७ मध्ये अतिसंवाहकतेचा मोठा सिद्धांत मांडला गेलेला होता, आणि त्यांना आता दुसरा विषय शोधणे भाग होते. लिंकन प्रयोगशाळेतले बरेचसे सहकारी तेव्हा अर्धवाहकांवर, म्हणजे धातूंइतकी सहज वीज न वाहणाऱ्या पण ट्रान्झिस्टरसाठी उपयोगी पदार्थांवर, विशेषतः सिलिकॉन आणि जर्मेनियमसारख्या पदार्थांवर काम करत होते. ड्रेसेलहाउसबाईंनी निवडले ग्राफाइट, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतला कार्बन. ते अवघड, गुंतागुंतीचे आणि फारसे आशादायक नाही असा तेव्हाचा समज होता. त्यांनी या निवडीचे कारण पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. १९५९ ते १९६४ या काळात त्यांना चार मुले झाली. मूल आजारी पडले आणि चार दिवस प्रयोगशाळेत येता आले नाही, तरी तेवढ्यात दुसरा कोणी पुढे निघून जाणार नाही असा विषय त्यांना हवा होता. या निवडीकडे तडजोड म्हणून पाहणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पटत नाही. प्रश्न महत्त्वाचा असूनही तो गर्दीचा नाही, हे ओळखण्यासाठी जी वैज्ञानिक दृष्टी लागते, ती फार थोड्यांकडे असते.

ग्राफाइटवर त्यांनी जे प्रयोग केले त्यांना चुंबकीय-प्रकाशीय प्रयोग म्हणतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना हवी ती ऊर्जा धारण करता येत नाही. त्यांच्यासाठी ठरावीक ऊर्जापातळ्या तयार होतात. अशा पदार्थावर प्रकाश टाकला असता, दोन पातळ्यांमधील अंतराइतकी ऊर्जा असलेला प्रकाश त्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर नेतो, आणि परावर्तित प्रकाशाच्या तीव्रतेत त्या जागी ठळक बदल दिसतो. चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत हे बदल टिपत गेले की पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आराखडाच हाती येतो. ग्राफाइटमध्ये इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांचे पट्टे, एकमेकींत अगदी थोड्याशा शिरलेल्या असल्यामुळे हे मोजमाप अतिशय नाजूक होते.

या टप्प्यावरची एक घटना मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाची वाटते. लेझरचा शोध १९६० सालचा. हेलियम-निऑन वायूचा लेझर तयार करणाऱ्यांपैकी अली जावान हे त्यानंतर एमआयटीत आले होते. त्यांच्या लेझरचा उपयोग करून, चक्राकार ध्रुवीकरण केलेला, म्हणजे ज्याच्या कंपनाची दिशा पुढे जाताना गोल फिरत राहते असा प्रकाश ग्राफाइटवर टाकण्याचे काम पॉल श्रोडर या विद्यार्थ्याने हाती घेतले. अशा प्रकाशामुळे ऋणभार वाहणारे इलेक्ट्रॉन आणि धनभारासारखे वागणारे ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, यांच्यात फरक करता येतो. प्रयोगाचा निष्कर्ष असा निघाला की ग्राफाइटच्या ऊर्जा-आराखड्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या आणि होलांच्या जागा तोपर्यंत सर्वांनी उलट धरल्या होत्या. खुद्द ड्रेसेलहाउसबाईंचे आधीचे विश्लेषणही त्याच गृहीतकावर उभे होते. १९६८ मध्ये श्रोडर, ड्रेसेलहाउस आणि जावान यांच्या नावाने हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्वतःच्या आधीच्या मांडणीला छेद देणारे निरीक्षण आले तेव्हा त्यांनी विद्यार्थ्याचे मोजमाप बाजूला सारले नाही. सिद्धांतच पुन्हा तपासला आणि दुरुस्ती जगासमोर ठेवली. ग्राफाइटविषयीचे पुढचे सारे गणित या दुरुस्त आराखड्यावर बसले.

दरम्यान लिंकन प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे एक वेगळी अडचण उभी राहिली होती. सकाळी आठच्या ठोक्याला हजर राहण्याचा आग्रह होता, आणि चार लहान मुलांचे आवरून त्यांना साडेआठ वाजत. त्यावरून बोलणी खावी लागत. १९६७ मध्ये ॲबी रॉकफेलर मॉझे यांच्या नावाच्या निधीमुळे त्यांना एमआयटीत अभ्यागत प्राध्यापकपद मिळाले, आणि पुढच्याच वर्षी विद्युत अभियांत्रिकी विभागाने त्यांना कायमचे प्राध्यापकपद दिले. एमआयटीच्या अभियांत्रिकी शाखेत कायमचे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. विद्यार्थिनींच्या प्रवेशाचे आणि अडचणींचे प्रश्न त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभापासून सातत्याने हाती घेतले, आणि १९८५ मध्ये ‘इन्स्टिट्यूट प्रोफेसर’ हा त्या संस्थेतला सर्वोच्च प्राध्यापकीय सन्मान मिळवणारी पहिली स्त्री होण्याचा मानही त्यांनाच मिळाला.

आता नॅनोपदार्थांकडे वळतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा गोल रेणू सापडला. १९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि १९९३ मध्ये एकाच थराच्या भिंतीच्या नळ्या मिळाल्या. अशा नळीला आपण नॅनोट्यूब म्हणतो. तिचा व्यास एक-दोन नॅनोमीटर इतकाच असतो. ग्राफाइटचा एक अणू जाडीचा थर घेऊन त्याची सुरळी केली तर जी रचना मिळेल ती नॅनोट्यूब. आणि चटई सरळ गुंडाळली किंवा तिरकी गुंडाळली तर तिच्यावरचे पट्टे जसे वेगळे दिसतात, तशी थर गुंडाळण्याच्या दिशेप्रमाणे नळीची रचना बदलते. ही दिशा आणि व्यास दोन पूर्णांकांनी सांगता येतात. १९९२ मध्ये ड्रेसेलहाउस दांपत्याने रिइचिरो साइतो आणि फुजिता या जपानी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की या दोन पूर्णांकांतील फरकाला तीनने पूर्ण भाग जात असेल तर नळी धातूसारखी वागेल, नाही तर ती अर्धवाहक असेल. त्याच सुमारास आणखी दोन गटांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला होता. कार्बन तोच, बंध तेच, आणि केवळ भूमितीमुळे एक नळी विजेची तार ठरावी आणि दुसरी ट्रान्झिस्टरच्या उपयोगाची, हे भाकीत त्या वेळी विलक्षण वाटले. ग्राफाइटच्या ऊर्जापट्ट्यांवर तीस वर्षे घालवलेल्या व्यक्तीला मात्र त्यासाठी लागणारे सगळे साहित्य हाताशी होते.

भाकीत तपासायचे कसे, हा यापुढचा खरा कठीण प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पुन्हा प्रकाशानेच दिले. त्यातही ज्या परिणामाने दिले तो आपल्या देशात सापडलेला आहे, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी जो परिणाम निश्चित केला, त्यात पदार्थावर पडलेल्या प्रकाशापैकी अत्यल्प भाग, सुमारे एक कोटी प्रकाशकणांमागे एखादा, बदललेल्या ऊर्जेने परत येतो. ऊर्जेतला हा फरक म्हणजे पदार्थातल्या अणूंच्या कंपनांनी घेतलेली किंवा दिलेली ऊर्जा असते. म्हणजे परत आलेल्या प्रकाशाचा वर्णपट हा त्या पदार्थाच्या कंपनांचा नोंदपटच असतो. नॅनोट्यूबमध्ये एक असे कंपन असते ज्यात नळीचा सगळा घेर एकाच वेळी फुगतो आणि आकसतो. त्याची कंप्रता व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ती मोजली की व्यास कळतो.

१९९७ मध्ये अप्पाराव राव हे ज्याचे प्रथम लेखक होते आणि ज्यात पीटर एकलंड, रिचर्ड स्मॉली यांच्यासह ड्रेसेलहाउस दांपत्यही होते, असा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नळ्यांच्या जुडग्यावर वेगवेगळ्या रंगांचे लेझर टाकले असता वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्या प्रतिसाद देतात, असे त्यात दिसले. लेझरची ऊर्जा नळीतल्या इलेक्ट्रॉनच्या एखाद्या उडीशी तंतोतंत जुळली की रामन विकिरण कित्येक पटींनी वाढते. भौतिकशास्त्रात याला अनुस्पंदन म्हणतात. या वाढीचा फायदा घेऊन २००१ मध्ये ब्राझीलहून आलेल्या आदो जोरियो यांनी, ड्रेसेलहाउसबाईंच्या गटात, एका सुट्या नॅनोट्यूबचा रामन वर्णपट मिळवला. नमुने हार्वर्डमधल्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने सिलिकॉनच्या चकतीवर वाढवलेले होते. एक नॅनोमीटर व्यासाच्या नळीसाठी ती फुगण्या-आकसण्याची कंप्रता, रामन वर्णपटात वापरल्या जाणाऱ्या ‘प्रति सेंटिमीटर’ या एककात, सुमारे २४८ येते आणि व्यास दुप्पट झाला की निम्मी होते. ही कंप्रता आणि लेझरची ऊर्जा एकत्र मांडून त्यांनी त्या एका नळीचे ते दोन पूर्णांक ठरवून दाखवले. नळी न कापता, तिला तारा न जोडता, केवळ प्रकाश पाडून तिची भूमिती आणि ती धातू आहे की अर्धवाहक हे सांगता आले. मी रोज ज्या उपकरणावर काम करतो त्यावर हे मोजमाप आता विद्यार्थीही करतात. पण प्रकाशाच्या ठिपक्याखाली एकच रेणू असताना त्याची खूण ओळखता येईल असा विश्वास बाळगणे, हे त्या काळी मोठे धाडस होते.

२००४ नंतर ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटचा सुटा एक थर, प्रयोगशाळांत आला तेव्हाही ओळख पटवण्याचे काम रामन वर्णपटाकडेच आले. प्रति सेंटिमीटर २७०० च्या आसपास दिसणाऱ्या शिखराच्या आकारावरून थर एक आहे की दोन हे सांगता येते, आणि १३५० जवळचे शिखर त्यातले दोष दाखवते. या शिखरांमागचे भौतिकशास्त्र समजून घेण्यात ड्रेसेलहाउस गटाचा वाटा फार मोठा आहे.

सन्मानांची यादी मी वाचत नाही, परंतु २०१२ चे नॅनोविज्ञानातले काव्ली पारितोषिक त्यांना एकट्यांना मिळाले आणि २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक दिले, एवढे नमूद करतो. २० फेब्रुवारी २०१७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे संशोधन चालूच होते. साठांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेले नॅनोट्यूबवरचे ग्रंथ आजही आमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर उघडे असतात.

आपल्या मंडळातली काही मुले-मुली सध्या पदार्थविज्ञानात किंवा विद्युत अभियांत्रिकीत पदवीचे शिक्षण घेत आहेत. त्यांनी १९६८ चा तो छोटासा शोधनिबंध आणि २००१ चा नॅनोट्यूबवरचा निबंध हे दोन्ही मिळवून लागोपाठ वाचावेत, असे मी त्यांना आग्रहाने सांगेन. वाचताना जे अडेल ते विचारायला त्यांनी माझ्याकडे जरूर यावे. आपण मला इतका वेळ दिलात, मनापासून आभार.