शिकागोतले गुराल आणि त्यांचा नाच

१९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली आणि इराणमार्गे इथवर पोचलेली ही माणसे. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक. इथे त्यांनी शाळा, चर्च, स्काउट पथके, नाटके असे सारे उभे केले. मात्र त्यांचे डोळे परतीच्या वाटेकडे लागलेले होते. जो समाज परदेशातच रुजला, त्याला लोकसंस्कृती निराळ्या रीतीने जपावी लागते, आणि आज मला बोलायचे आहे ते अशा समाजाविषयी, म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेल्या पोलिश लोकांविषयी आणि त्यांतल्या गुरालांविषयी.

शेजारी सत्तांनी पोलंड आपापसांत वाटून घेतला, आणि १७९५ च्या तिसऱ्या फाळणीनंतर १९१८ पर्यंत स्वतंत्र पोलंड नव्हताच. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘झा ख्लेबेम’, म्हणजे पोटासाठी, भाकरीच्या मागे अमेरिकेत गेलेल्या लाखो शेतकऱ्यांपैकी अनेकांची ओळख देशापेक्षा गावाशी, चर्चशी आणि बोलीशी बांधलेली होती. आपण सारे पोलिश आहोत ही जाणीव पुष्कळांना शिकागो, बफेलो अशा शहरांतल्या चर्चच्या आवारातच पक्की झाली. याचा परिणाम परदेशातल्या नृत्यपथकांत आजही दिसतो. मुले पोलोनेझ, माझूर, कुयाव्याक, ओबेरेक आणि क्राकोव्याक हे पाचही ‘राष्ट्रीय’ नाच शिकतात. त्यांच्या पणजीला बहुधा आपल्या मुलखापुरतेच नाच येत असत. पोलंडमध्ये १९४८ साली स्थापन झालेल्या ‘माझोव्शे’ या सरकारी पथकाने लोकनृत्याला जे रेखीव रंगमंचीय रूप दिले, त्याचा ठसाही या पथकांवर आहे. हे कार्यक्रम देखणे असतात आणि मला ते आवडतातही. पण पोशाख पेटीत गेला की नाचही पेटीत जातो.

दक्षिण पोलंडमधल्या तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या पॉदहाले भागातले डोंगरी लोक, म्हणजे गुराल, यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा नाच पेटीत गेला नाही. उत्तर अमेरिकेतल्या गुरालांची संघटना १९२९ मध्ये शिकागोत स्थापन झाली. तिच्या शाखांना ‘कोवो’, म्हणजे वर्तुळ, म्हणतात, आणि कित्येक शाखा मूळ गावाच्या नावाने ओळखल्या जातात. आपल्याकडच्या मुंबईतल्या गावकरी मंडळांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

गुरालांचा नाच जवळून पाहिला की या टिकाऊपणाचे कारण उमगते. वाद्यवृंदात एक मुख्य व्हायोलिन, साथीची दोन-तीन व्हायोलिने आणि ‘बासी’ नावाचे, चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याएवढे, तीन तारांचे वाद्य असते. नाचणारा पुरुष आधी वादकांसमोर उभा राहतो आणि आपल्याला हवी ती चाल उंच, ताणलेल्या आवाजात स्वतः गाऊन दाखवतो. मुख्य व्हायोलिन ती चाल उचलते, मागोमाग बाकीचे येतात. त्याचा एखादा सोबती स्त्रीला रिंगणात आणून सोडतो, आणि मग ते एकच जोडपे नाचते. बाकीचे भोवती उभे राहून त्याची पावले न्याहाळतात. चाल बदलायची असेल, तर त्याने पुन्हा वादकांपुढे येऊन गायचे.

म्हणजे ज्याला गाणे येत नाही त्याला नाच सुरूच करता येत नाही, आणि गाणी आहेत ती गुरालांच्या बोलीत. शिकागोत वाढलेल्या मुलाला शनिवारच्या पोलिश शाळेत प्रमाण भाषा शिकवतील. पण चुलतभावाच्या लग्नात रिंगणात उतरायचे, तर बोलीतली चार-दोन कडवी पाठ हवीतच, कारण तिथे ध्वनिमुद्रित संगीतावर वेळ मारून नेता येत नाही. पोशाखातल्या पांढऱ्या लोकरी विजारीवरचे भरतकाम विकत मिळेल. कडवे मात्र आजोबांकडून नाहीतर वादकांकडूनच घ्यावे लागते, आणि ते चुकले की मुख्य व्हायोलिनवाला गालात हसतो.